१९७६ सालच्या घराचं वायरिंग: सगळं बदलायचं की थोडं? आणि परवाना, रिपोर्ट यांचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

वाईला आमचं घर आहे, १९७६ सालचं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, मागच्या बाजूला न्हाणी. आई एकटीच राहते तिथे, वय ७४. मी पुण्यात, धाकटा भाऊ नाशिकला.

गेले पंधरा दिवस आई फोनवर म्हणत होती, "हाताला मुंग्या येतायत, वात झाला असेल." काल सहज विचारलं, कधी येतात? तर म्हणाली, "न्हाणीतल्या नळाला ओल्या हाताने धरलं की." तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

घरातलं मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचं आहे, क्लिपा मारलेलं. वायर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. १९९८ साली स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा तेवढाच भाग भिंतीतून पाइप घालून केला. मेन बोर्डावर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. नंतर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर असं एकेक जोडत गेलो, वायर मात्र तीच.

नेहमीच्या वायरमनशी बोललो. माणूस भला आहे, आईच्या एका हाकेला येतो. तो म्हणतो, "बोर्ड नवे बसवू, फ्यूज काढून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे खटके) टाकू, दोन दिवसांत मोकळे." परवाना आणि टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासून दिलेला कागद) यांचं विचारलं तर म्हणाला, "घरातल्या घरात कशाला लागतोय रिपोर्ट? तो नवीन मीटर घेताना." भावाचंही मत तेच, उगाच भिंती फोडू नका.

माझे प्रश्न: सगळं वायरिंग बदलावं का? कायद्याने काय लागतं? आणि काम चालू असताना आईला घरात राहता येईल का?

खटका

बाकीचं नंतर. आत्ता आईंना फोन करा, न्हाणीतला नळ वापरू नका म्हणावं. स्वयंपाकघरातून बादली भरून न्या. गिझरचा स्विच बंद करा आणि फ्यूज काढायला शेजारच्या कुणाला तरी बोलवा, आईंनी स्वतः काढू नये. मुंग्या येतात म्हणजे तो शॉकच आहे. पायात चप्पल असेल म्हणून आज मुंग्यांवर भागलं.

कौलारू

खटका म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे आजीलाही अशाच "मुंग्या" यायच्या, घरातले सगळे तिला तेल लावून देत होते. गिझरचं एलिमेंट फुटलेलं निघालं. म्हाताऱ्या माणसांना शॉक बसला तरी ती आधी स्वतःच्या वयाला दोष देतात.

कृष्णाकाठ

शेजारच्या काकांनी जाऊन गिझरचा फ्यूज काढला. पण गिझर बंद असतानाही नळाला टेस्टर मिणमिणता लागतोय म्हणतात. असं कसं होईल? मी संध्याकाळी निघतोय वाईला.

मेगाओहम

मी पर्यवेक्षक प्रमाणपत्रावर बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. तुम्ही पोचेपर्यंत इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद ठेवायला सांगा, रात्रीपुरता टॉर्च वापरू देत. नुसता मेन बंद केला तर इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालूच राहतात, हे लोक विसरतात.

निऑनचा टेस्टर मिणमिणला म्हणून धोका कमी असं धरू नका आणि नुसत्या टेस्टरवरून निदानही करू नका. पण मला एक प्रश्न पडलाय. घरात अर्थिंग कुठून येतं? मागच्या अंगणात खड्डा आहे का, लोखंडी पाइप वर आलेला दिसतो का?

कृष्णाकाठ

खड्डा मला तरी आठवत नाही. न्हाणीच्या भिंतीशी नळाच्या पाइपाला एक जाड तार क्लॅम्पने बांधलेली लहानपणापासून बघतोय. बाबा म्हणायचे, ती अर्थिंगची.

तांबडी माती

कृष्णाकाठ, नळाचे पाइप अलीकडे बदललेत का?

कृष्णाकाठ

हो! गेल्या दिवाळीच्या आधी. जुने जीआय पाइप गंजले होते, टाकीपासून सगळी लाइन सीपीव्हीसीची करून घेतली. न्हाणीत भिंतीतला थोडा तुकडा आणि नळ तेवढा जुना ठेवला, टाइल्स फुटतील म्हणून. का बरं?

तांबडी माती

हेच वाटलं होतं. रत्नागिरीत आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. पूर्वी पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीतून सलग यायचा, म्हणून लोक त्यालाच अर्थची तार बांधायचे. पद्धत चुकीचीच, पण पाइप सलग होता तोवर निभावलं. प्लास्टिकचा पाइप मध्ये आला की जमिनीशी संबंध तुटला. आता तुमच्या घरातल्या सगळ्या थ्री-पिन सॉकेटचा अर्थ एकत्र येऊन त्या दोन फूट जुन्या पाइपाला आणि नळाला जोडलेला आहे, आणि तिथून पुढे कुठेच जात नाही. घरात कुठल्याही यंत्राची बॉडी लाइव्ह झाली की करंट येऊन उभा राहणार न्हाणीतल्या नळावर. म्हणून गिझर बंद असूनही टेस्टर लागतोय. दोषी फ्रिज असेल, वॉशिंग मशीन असेल, काहीही.

मेगाओहम

तांबडी माती यांनी अचूक पकडलं. प्लंबरने पाइप बदलला यात त्याची चूक नाही, त्या पाइपावर घराचं अर्थिंग आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कृष्णाकाठ, ती तार काढून टाकायची घाई करू नका. ती काढलीत तर नळ सुटेल, पण दोषी यंत्राची बॉडी लाइव्हच राहील. आधी सगळ्या पिना काढा, दोषी यंत्र शोधा, मग खरं अर्थिंग करा.

पोस्टाची पेटी

अंगावर काटा आला वाचून. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी आठ फ्लॅटचे पाइप बदलले. उद्या सकाळी पहिलं काम, अर्थची तार कुठे जाते ते बघणे.

कृष्णाकाठ

वाईला पोचलो. सगळ्या पिना काढल्या, मग टॉर्चच्या उजेडात फ्रिज पुढे ओढला. मागे कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलंय. गिझर बिचारा ठणठणीत होता. आई म्हणते, "मी त्या फ्रिजला रोज पुसते." पुढे काय बोलावं मला सुचेना.

आता माझा निर्णय झालाय, सगळं बदलायचं. मेगाओहम सर, सुरुवात कुठून करू?

मेगाओहम

आधी कायद्याचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

रिपोर्ट फक्त नवीन मीटरला लागतो, हे खरं नाही. वीज कंपनीच्या खिडकीवर तो मागतात फक्त नवीन जोडणीला किंवा भार वाढवताना, म्हणून लोकांचा तसा समज झालाय. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ क्रमांकाचा नियम होता. मग २०१० चे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आले आणि आता २०२३ चे लागू आहेत. तिन्हींत गाभा एकच: ग्राहकाच्या जागेतलं नवं काम, वाढीव काम, फेरबदल किंवा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची, तीही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण होतं तसं बदलणं याला सूट आहे, जोवर त्याने जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नाही. म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर तुम्ही बदलू शकता, घराचं वायरिंग नाही.

आपल्याकडे तीन पातळ्या आहेत. तारतंत्र्याचा परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना. तिन्हींवर मुदत छापलेली असते. ती बघायला लाजू नका, आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट विचारणारा ग्राहक भेटला की काम करायला हुरूप येतो.

तुमच्या वायरमनला तोडू नका. त्याला विचारा, कोणत्या परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली तो काम करू शकेल. गावोगावी असंच चालतं आणि ते कायद्यात बसतं, फक्त देखरेख खरी हवी. सही करणारा माणूस घरी येऊन, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून, आकडे लिहून सही करणार असेल तरच. दुकानात बसून कोऱ्या फॉर्मवर सही करून देणाऱ्याचा कागद घेऊ नका. त्या कागदाने कायद्याचं तोंडही बंद होत नाही आणि नळातला करंटही थांबत नाही.

धडपड्या

थोडा विरोधी सूर लावतो. मी माझ्या घराचं वायरिंग स्वतः केलंय, व्हिडिओ बघून आणि पुस्तकं वाचून. पाच वर्षं झाली, काही बिघडलं नाही. परवानावाल्यांची कामं बघितलीत का? उघड्या जोडांवर नुसती काळी टेप गुंडाळलेली. परवाना म्हणजे दर्जा नव्हे.

मेगाओहम

परवाना म्हणजे दर्जा नव्हे, मान्य. पण धडपड्या, मला दोन आकडे सांगा. तुमच्या घराचा इन्सुलेशन रेझिस्टन्स किती भरला आणि अर्थचा रेझिस्टन्स किती?

धडपड्या

ते नाही मोजलं. दिवे लागले, पंखे फिरले.

मेगाओहम

कृष्णाकाठ यांच्याकडेही दिवे लागत होते आणि पंखे फिरत होते. तुमचं काम चांगलं असेलही, मी न बघता वाईट म्हणणार नाही. पण मोजल्याशिवाय ते तुम्हालाही माहीत नाही. एखाद्या परवानाधारकाला बोलावून तपासून घ्या. ५०० व्होल्टचा मेगर लावून वायर आणि अर्थ यांच्यात किमान १ मेगाओहम हवा. नव्या कोरड्या कामात त्याच्या कितीतरी पट येतो.

धडपड्या

ठीक आहे, हे पटलं. तपासून घेतो आणि इथे कळवतो.

आकडेमोड

एमसीबी टाकला की शॉक बसत नाही, असं बरेच जण धरून चालतात. जरा हिशोब करू. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स १० ओहम आहे आणि फ्रिजच्या बॉडीला फेज टेकली. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडचा रेझिस्टन्स धरला तर त्याहून कमीच. १६ अँपिअरचा एमसीबी २३ अँपिअरला लगेच पडत नाही, तासभरही तसाच राहू शकतो. तेवढा वेळ फ्रिज लाइव्ह! एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी हवा, ३० मिलिअँपिअरचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का एवढंच तो बघतो. तेवढा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो, फरक मोठा असेल तर आणखी लवकर.

शेवंती

आरसीसीबी लावून पस्तावले आहे. पावसाळ्यात दिवसातून तीनदा पडायचा. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनने काढूनच टाकला, तेव्हापासून शांतता आहे.

खटका

शेवंतीताई, ही शांतता बरी नाही. तो पडत होता म्हणजे कुठेतरी गळती होती. ती अजून आहे, फक्त सांगणारा गेला. आधी बाहेरचे दिवे, गच्चीवरचे पॉइंट आणि बाथरूमच्या बाहेरचा बोर्ड बघायला सांगा. पावसात पडतो म्हणजे ओल शिरतेय.

शेवंती

असं कुणी समजावलंच नव्हतं. गच्चीवर एक जुना सॉकेट आहे खरा, त्याला झाकण नाही. उद्याच बोलावते.

वसंतबाग

आमच्याकडे कोरड्या उन्हाळ्यातही पडायचा. कारण वेगळंच निघालं. दोन आरसीसीबी लावले होते आणि डीबीत (एमसीबी-आरसीसीबीच्या पेटीत) दोन्हींच्या पुढचे न्यूट्रल एकाच पट्टीवर घट्ट केलेले. एकाकडून गेलेला करंट दुसऱ्याकडून परत यायचा, दोघांनाही वाटायचं गळती झाली. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी हवी. आणि इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रलही दुसऱ्या कुणाच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका. जुन्या घरात "जवळच आहे" म्हणून शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल उचललेला असतो, तो नव्या कामात अडचणीत आणतो.

कौलारू

मला किटकॅट फ्यूजची आठवण आली. लाइट गेली की काका स्टुलावर चढायचे, आम्ही मेणबत्ती धरायचो. फ्यूजची तार मिळाली नाही की वायरीतली एक तांब्याची तार काढून पिळायची. कधी दोन.

आकडेमोड

त्या "कधी दोन" पायीच किती घरांच्या वायरी आतून भाजून निघाल्या असतील!

लाकडी जिना

आमच्याकडे अजून तसला एक काळा गोल खटका आहे, पितळी टोपी असलेला. टक्क असा आवाज येतो. नातवंडांना फार आवडतो. मी घराचं वायरिंग बदललं तेव्हा तेवढा एक शोभेला ठेवला, आत वायर नाही.

मेगाओहम

वायर नाही हे बरं केलंत. पितळी टोपीचे खटके सुंदर दिसतात, पण आतून सुटलेली तार टोपीला टेकली तर बोट थेट फेजवर.

आता कृष्णाकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाकडे, सगळं की थोडं. अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर माझं उत्तर "सगळं". अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच पापुद्रा धरतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. स्क्रूखाली दाबलं की ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो, सैल जोड तापतो. तुमच्याकडे १९९८ चा भाग तांब्याचा असणार आणि तो जुन्या अ‍ॅल्युमिनियमला नुसता पिळून जोडलेला असणार. पिळलेला तो जोड घरातली सगळ्यात धोक्याची जागा. नवे बोर्ड बसवाल ते त्याच जुन्या वायरीवर, म्हणजे पडक्या भिंतीला रंग.

१९९८ च्या पाइपमधल्या वायरी मात्र मेगरवर चांगल्या ठरल्या, जाडी पुरेशी निघाली आणि अर्थची तार सोबत असली तर ठेवता येतील. ते मोजून ठरवा.

कृष्णाकाठ

सर, जाडी किती असावी? इथे दुकानदार "सात-वीस घ्या, तीन-बावीस घ्या" म्हणतोय, मला काही कळलं नाही.

मेगाओहम

ती जुनी गेजची भाषा. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा. आता चौरस मिलिमीटरमध्ये मागा. दिवे-पंख्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४ आणि त्यांची लाइन डीबीपासून स्वतंत्र. मीटरपासून डीबीपर्यंत किती, ते एकूण भारावर ठरेल. वायरीवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ छापलेलं असतं. बंडल उघडायच्या आधी बघा.

एमसीबी वायरीला शोभेल असा. १.५ च्या वायरीवर ६ किंवा १०, २.५ वर १६, ४ वर २० किंवा २५. "सारखा पडतो म्हणून मोठा टाकला" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा.

आकडेमोड

भार मोजायला सोपं आहे. वॅट भागिले २३०. दोन हजारांचा गिझर ८.७ अँपिअर, तीन हजारांचा इन्स्टंट गिझर १३. इंडक्शनची शेगडी दोन हजार, वॉशिंग मशीनला हीटर असेल तर तेवढेच. बिलावर मंजूर भार छापलेला असतो तो बघा. जुन्या घरांचा बहुतेक वेळा फारच कमी असतो. वाढवायचा अर्ज द्या, त्याला टेस्ट रिपोर्ट लागेलच, म्हणजे दोन कामं एका कागदात.

खटका

आणि मीटरच्या सीलला हात नाही. मीटरच्या आधीची वायर, कटआउट, मीटर हे कंपनीचं. त्यातलं काही हलवायचं असेल तर अर्ज करून त्यांचा माणूस येऊ द्या. वायरमन म्हणेल, "सील काय, लावून घेऊ नंतर." वीज कायदा २००३ मध्ये मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे, आणि नाव ग्राहकाचं लागतं. तुमच्याकडे बहुधा आईंचं.

थेम्सकाठी

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे २००५ पासून घरातल्या वायरिंगचे बांधकाम नियम आहेत, पार्ट पी म्हणतात. नवीन सर्किट टाकलं किंवा मुख्य बोर्ड बदलला की स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं, किंवा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन स्वतःच प्रमाणित करून देतो. घर विकताना विकत घेणाऱ्याचा वकील तो कागद मागतो, त्यामुळे लोक जपून ठेवतात. आपल्याकडे नियम आहे, पण नंतर कागद मागणारं कुणी नाही, एवढाच फरक जाणवतो. सांगलीच्या घराचं काम मी याच धाग्यावरून करून घेणार.

तांबडी माती

अर्थिंगबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त कंजुषी तिथे होते. जमिनीत आहे, दिसत नाही, म्हणून लोक दोन फुटांवर सळई ठोकून मोकळे होतात. आमच्याकडे जांभा. जांभ्यात खड्डा खणायलाच पहार लागते आणि मे महिन्यात तो असा कोरडा होतो की रेझिस्टन्स पावसाळ्यातल्या मापाच्या कितीतरी वर जातो. आम्ही भारी मातीची गाडी मागवून खड्डा भरला, जीआय पाइप, कोळसा-मीठ, वर फनेल ठेवून झाकण. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. माप घ्यायचं तर मे महिन्यात घ्या, पावसाळ्यातलं माप सगळ्यांचंच चांगलं येतं. वाईला तुमची नदीकाठची काळी जमीन, तुम्ही नशीबवान.

मेगाओहम

आणि खड्ड्यापासून डीबीपर्यंत अर्थची तार सलग, मध्ये पिळून जोडलेली नको. डीबीपासून प्रत्येक सॉकेटला हिरवी तार. लाइट-पंख्यांच्या बोर्डालाही न्या, लोखंडी बॉक्स असतात.

रंगांचं एक सांगायचं राहिलं. आता न्यूट्रलला बरेच जण निळी वायर वापरतात, पण आपल्याकडच्या जुन्या थ्री-फेज घरांत निळी ही तिसरी फेज असायची आणि न्यूट्रल काळी. जुनी निळी दिसली म्हणून न्यूट्रल समजून हात लावू नका. तपासूनच.

पोस्टाची पेटी

काल सांगितल्याप्रमाणे पाहिलं. आमच्या इमारतीत अर्थ खाली स्वतंत्र पट्टीला जातोय, पाइपाला नाही. पण एका आजोबांच्या फ्लॅटमध्ये गिझरची तार बाथरूमच्या पाइपालाच निघाली. वर्षभर तशीच होती. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन दुपारी येऊन योग्य जागी जोडून गेला. कृष्णाकाठ, हा धागा काढलात म्हणून लक्ष गेलं.

माळरान

सगळे घराच्या आतलं बोलतायत, मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार बघा! आमच्या गावात दर पावसाळ्यात हीच बातमी. एक टोक पत्र्याच्या शेडच्या खांबाला, आणि त्याच खांबावरून सर्व्हिस वायर (बाहेरून घरात वीज आणणारी) गेलेली. वायरीचं आवरण उन्हाने फाटतं, पत्रा लाइव्ह होतो, तार लाइव्ह होते. बाई ओले कपडे टाकायला जाते, आणि तिला सोडवायला धावलेला माणूसही जातो. माझ्या चुलत घरात हे घडलंय, त्याहून जास्त लिहवत नाही. तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. आणि कुणाला शॉक बसलाच तर आधी मेन बंद, मग हात.

कृष्णाकाठ

माळरान, वाचून ताबडतोब मागे गेलो. आमचीही लोखंडी तारच होती, पत्र्याच्या खांबाला. काढली. आई आधी कुरकुरली, तीस वर्षांची तार म्हणून. मग तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही न बोलता तिनेच कपाटातून नायलॉनची दोरी काढून दिली.

जांभूळपाडा

भिंती फोडण्याबद्दल. जुन्या विटांच्या लोडबेअरिंग (घराचा भार पेलणाऱ्या) भिंतीत आडव्या लांब झिऱ्या पाडू नका, भिंत कमकुवत होते. तुमच्याकडे लाकडी पट्टीची जागा तयारच आहे, त्याच रेषेत पीव्हीसीची केसिंग-पट्टी मारा. दिसायला थोडं जुनं वाटतं, पण उद्या वायर तपासायची तर झाकण काढलं की झालं. मी दोन्ही प्रकारची कामं करून घेतली आहेत, जुन्या घराला पट्टीच बरी. बीम आणि कॉलमला तर छिन्नी लावूच देऊ नका.

धडपड्या

आणि जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, पाइपात नाही. हे मी केलं होतं हं, मेगाओहम!

मेगाओहम

शाब्बास.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं.

आपल्याच वायरमनने केलं, साताऱ्याच्या एका परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली. मी परवाना मागितला तेव्हा वायरमन दोन दिवस रुसला होता. मग त्याला न्हाणीत नेलं, तो क्लॅम्प दाखवला, फ्रिजची वायर दाखवली. बराच वेळ तसाच उभा राहिला. म्हणाला, "ही तार मीच बांधली होती, तुमच्या वडिलांच्या सांगण्यावरून. पाइप बदलले तेव्हा मला बोलवायला हवं होतं." त्यानंतर त्याने जे काम केलं ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक एमसीबीखाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलंय: माजघर, न्हाणी, देवघर.

आई घरातच राहिली. आधी खड्डा आणि नवी डीबी केली, मग एकेक खोली, रोज संध्याकाळी स्वयंपाकघर आणि आईची खोली चालू करूनच माणसं जायची. नऊ दिवस लागले. जुने जोड उघडले तेव्हा मेगाओहम सर म्हणाले तसंच होतं. देवघरामागचा तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा जोड काळा पडला होता आणि लाकडी पट्टी तिथे जळून तपकिरी झाली होती. १९९८ च्या भागातल्या वायरी मेगरला चांगल्या आल्या, पण अर्थची तार नव्हतीच, म्हणून त्याही बदलल्या.

ठेकेदार स्वतः आला, दोन तास मोजत होता. अर्थ ३.२ ओहम, इन्सुलेशन सगळ्या सर्किटना ५० मेगाओहमच्या वर. रिपोर्टची प्रत डीबीच्या दाराला आतून चिकटवली आहे. भार वाढवायचा अर्जही दिला.

दुसऱ्या दिवशी एक आरसीसीबी पडायला लागला, तेव्हा मी घाबरलोच. वसंतबाग, तुमचा प्रतिसाद वायरमनला वाचून दाखवला. इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या पट्टीवर लागला होता. दहा मिनिटांत काम झालं.

वसंतबाग

वा! फार बरं वाटलं.

शेवंती

आमचा गच्चीवरचा सॉकेट काढला, आरसीसीबी परत बसवला. दोन आठवडे पाऊस आहे, अजून एकदाही पडला नाही.

मेगाओहम

३.२ चांगला आहे. तांबडी माती म्हणाले तसं मे महिन्यात एकदा परत मोजून घ्या. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. न दाबता वर्षानुवर्षं राहिला तर ऐन वेळी आतून अडकू शकतो.

कृष्णाकाठ

आईला शिकवलं. दर संकष्टीला दाबायचं ठरलंय, म्हणजे विसरणार नाही. आज सकाळी पहिल्यांदा दाबलं आणि फोन करून सांगितलं, "पडला बरं का. आणि परत वरही केला." न्हाणीतल्या नळाजवळचा तो जुना तुकडाही काढून टाकलाय, टाइल्स तीन फुटल्या. तसल्या पिवळ्या टाइल्स आता कुठे मिळतील, कुणाला माहीत आहे का?

लाकडी जिना

आमच्या माळ्यावर चार-पाच आहेत, फिकट पिवळ्या, सहा इंची. फोटो टाकतो, जुळतात का बघा.